येसूने तीनदा विचारलं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या चिमुरड्या आज कुणाच्या तरी खापरपणज्या असतील. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात एक शाळा. शाळेचे पंतोजी शिस्तीचे भारी कडक. त्यांचा एकच नियम होता, "विचारल्याशिवाय कोणी जागचं उठायचं नाही." वर्गात साप निघाला तरी मुलं आधी हात वर करत आणि मग किंचाळत.

सात वर्षांची येसू या नियमाला सगळ्यांत जास्त घाबरे. एकदा न विचारता उठली म्हणून तिला दुपारभर अंगठे धरून उभं राहावं लागलं होतं.

एक दिवस गावची वैद्यीणबाई शाळेत आली. "पंतोजी, मुलांना जरा शिकवू द्या. कोणी बेशुद्ध पडलं की गावातले लोक गर्दी करतात, कांदा हुंगवतात, तोंडात पाणी ओततात. मोठी माणसं माझं ऐकत नाहीत. मुलं तरी ऐकतील."

पंतोजींनी नाक मुरडलं, पण नाही म्हटलं नाही.

बाई सरळ जमिनीवर आडवी झाली. मुलं खो खो हसली. "हसा, पण शिका," ती पडल्यापडल्याच म्हणाली. "आधी हाक मारा, खांदा थोपटा. ओ दिली नाही, तर एकाने मदतीला बोलवायला पळायचं. श्वास चालू असेल, तर बाकीच्यांनी कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही आणि पडलेल्याला एकटं सोडायचं नाही."

मुलांनी बाईला इतक्यांदा वळवलं, की तिचं लुगडं धुळीने माखून गेलं.

पुढे पंधरा दिवसांनी पंतोजींना ताप भरला. पण सुट्टी घेतील ते पंतोजी कसले! तशाच अंगाने ते पाढे घ्यायला उभे राहिले आणि सोळाच्या पाढ्यात मध्येच धाडकन कोसळले.

वर्ग चिडीचूप झाला. तीस मुलं होती, पण एकही जागचं हलेना. उठायचं तर विचारायला हवं, आणि ज्यांना विचारायचं तेच खाली पडलेले!

येसूने हात वर केला. "पंतोजी, उठू का?" उत्तर नाही. "पंतोजी, उठू का हो?" तरीही नाही. तिसऱ्यांदा तर ती ओरडलीच. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण हाक मारली आणि पंतोजींनी ओ दिली नाही.

येसू उठली. तिने खांदा थोपटला, श्वास पाहिला. "धोंडू, तू जोरात पळतोस. बाईंना सांग, शाळेत पंतोजी पडलेत, श्वास आहे, पण बोलत नाहीत." मग चौघांनी मिळून पंतोजींना कुशीवर वळवलं. तेवढ्यात त्यांना उलटी झाली, पण कुशीवर असल्यामुळे ती घशात न अडकता बाहेर पडली.

गलका ऐकून पाटील तांब्या घेऊन धावत आले. "सरक गं पोरी, दोन घोट पाणी पाजू दे."

"नाही पाटीलकाका! शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजायचं नाही," येसू म्हणाली आणि मध्येच बसून राहिली. पाटलांना आजवर गावात कोणी नाही म्हटलं नव्हतं. ते तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले.

धोंडूने सगळं नीट सांगितल्यामुळे वैद्यीणबाई लागणारी औषधं घेऊनच आली. काही वेळाने पंतोजींनी डोळे उघडले. भोवती मुलं उभी दिसली, तसे ते सवयीने पुटपुटले, "कोणाला विचारून उठलात?"

"तुम्हालाच," येसू म्हणाली. "तीनदा विचारलं."

"ही आणखी थांबली असती, किंवा पाटलांनी पाणी पाजलं असतं, तर तुमचा श्वास कोंडला असता," बाई म्हणाली.

पंतोजींनी येसूच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून दर आठवड्याला पंतोजी स्वतः जमिनीवर आडवे होऊ लागले आणि मुलं त्यांना कुशीवर वळवू लागली. गुदगुल्या झाल्या की बेशुद्ध पंतोजी फिसकन हसत, आणि मग डाव पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागे.

तात्पर्य : कोणाचा जीव धोक्यात असेल, तेव्हा परवानगीची वाट पाहू नये, शिकलेलं आठवावं आणि उठावं.