दाजीसाहेबांचं नाक

शाळेत माझी गाडी सातवीपुढे गेली नाही, पण नाकं मी फर्स्टक्लास काढायचो. मंत्री दाजीसाहेब खर्डेकरांचं तर दर सोमवारी, आमच्या पेपरात, पहिल्या पानावरच्या व्यंगचित्रात.

शेवटी त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. भर दुपारी पडदे ओढलेले, आणि चारी भिंतींवर माझीच चित्रं. दोनशे दाजीसाहेब माझ्याकडे टक लावून बघत होते.

"वाघोले, पुन्हा माझं चित्र छापून आलं, तर हा उजवा हात जागेवर राहणार नाही."

"नाही काढत, साहेब," मी म्हटलं. "पण एक कानावर घालतो. बापूसाहेब, तात्या मोहोळकर आणि भाईजी, या तिघा पुढाऱ्यांनाही मी असाच दर सोमवारी काढायचो. मग थांबलो."

"बरं, मग?"

"पुढचा सोमवार एकानंही पाहिला नाही."

पंखा फिरत होता, तरी साहेबांच्या कपाळावर घाम आला. तिघंही दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, म्हणूनच मी थांबलो होतो, हे मी कशाला सांगू?

साहेबांनी उठून स्वतः पडदा सारला आणि नाक उजेडात धरलं. "आत्ताच काढा."

त्याला वीस वर्षं झाली. अजून दर रविवारी रात्री त्यांचा फोन येतो, "काढलंत ना?" हल्ली माझा हात थरथरतो, आणि त्यांचा आवाजही.