पालथी प्लेट

"...मग बसवणार ना सर, माझ्या प्लेटा तुमच्या मशीनला?"

भरतेश चौगुले सकाळपासून हेच विचारत होता. शिकलगार सर चष्मा पुसत होते.

मी शेडमधल्या बाकावर बसून होतो. जे ऐकले ते लिहितो. चुकतही असेन.

पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर शिकवून झाल्यावर सरांनी इचलकरंजीच्या वाटेवर ही शेड घातली आणि तिथे स्वतःच्या हाताने एक सीएनसी राउटर बांधला. संगणक सांगेल त्या रेषेवर फिरत लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम कापणारे यंत्र. सांगाडा प्लायवुडचा; कापणारे टोक ज्या आडव्या पुलावरून सरकते, तो पूलही.

मग तिथे एक रीतच पडली. जो शिकायला येई, त्याच्या पहिल्या यंत्राचे भाग सरांच्या यंत्रावर कापले जात. यंत्रातून यंत्र निघे. आसपासच्या गावांत अशी किती चालतात, सरांनाही ठाऊक नाही.

उलटे मात्र कधी झाले नव्हते. शिष्याच्या यंत्राने कापलेला भाग सरांच्या यंत्राला लागला नव्हता.

भरतेशला तो मान हवा होता.

आणि त्याचे यंत्र होतेच तसे. लाकडी सांगाडा काढून त्याने अ‍ॅल्युमिनियमचा केला, मग पोलादाचा. ओढणारे रबरी पट्टे काढून आट्यांचे दांडे, बॉलस्क्रू, घातले. मोटरी बदलल्या. ते चालू असताना टेबलावर चहा ठेवला तर चहा हलत नसे.

"तुमचा पूल झुकलाय सर. पावसाळ्यात प्लाय फुगतं. माझ्या प्लेटा घाला, जन्मभर बघायला नको."

"माझा जन्म आता उरलाय किती, लेका."

भरतेश हसला नाही. त्याने आपल्या यंत्रावर कापलेल्या दोन चौकोनी प्लेटा सरांपुढे धरल्या.

सरांनी कडांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"काय कड काढलीयस! मला नाही जमली अशी कधी."

ते मनापासून म्हणाले. त्यांचा अंगठा बराच वेळ तिथेच होता.

मग त्यांनी दोन्ही प्लेटा ग्रॅनाइटच्या सपाट दगडावर उभ्या केल्या, कडेला कड लावून. मधून केस गेला नसता.

"बघा," भरतेश म्हणाला.

सरांनी एक प्लेट उचलली. पालथी केली. पुन्हा शेजारी टेकवली.

खाली कडा चिकटल्या होत्या. वर... उजेडाची एक बारीक पाचर.

माझी नजर अधू आहे. मलाही ती दिसली.

"काटकोन कशावर धरलास?" सरांनी विचारले.

भरतेशने पिशवीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेला, काटकोन तपासायचा अ‍ॅल्युमिनियमचा गुण्या काढला. शिकायला आला त्या दिवशी सरांनीच दिलेला. सरांच्याच यंत्रावर कापलेला.

"ह्यावर. मशीन बदललं की दरवेळी ह्याच्यावरच."

"बाजारातला नाही आणलास?"

"आणला होता. ह्याच्याशी जुळेना."

"मग?"

"दुकानदाराशी भांडून परत केला. त्यानं दुसरा दिला. तोपण जुळेना. तोपण परत."

"दुकानदार काय म्हणाला?"

भरतेश जरा घुटमळला.

"म्हणाला, आधी तुझ्या सरांना तपासून आण."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"शहाणा माणूस आहे. एकदा चहाला आण त्याला."

मग हसू ओसरले.

"माझं मशीन वाकडं आहे, भरतेश. मला माहीत आहे. तो गुण्याही तसाच वाकडा निघाला. आता कापताना मी तेवढा फरक धरून चालतो... तू लाकूड टाकलंस, पट्टे टाकलेस, मोटरी टाकल्यास. आणि माझं वाकडेपण तेवढं जपून पोलादात बसवलंस."

भरतेशने गुण्या पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"एवढा मान मला कुणी दिला नव्हता," सर म्हणाले. "पण ह्या प्लेटा मी लावणार नाही."

तो उठला. प्लेटा काखेत मारल्या आणि निघून गेला.

संध्याकाळी परत आला. शर्टला ग्रीस, हातात दोन नव्या प्लेटा, काखेत सकाळच्या.

"जेवढी फट दिसली होती, बरोबर तेवढा माझ्या मशीनचा पूल सरकवला," तो म्हणाला. "आणि तुमचा गुण्या भंगारात टाकला."

मला ते ऐकवले नाही. मी सरांकडे पाहिले.

"बरं केलंस," सर म्हणाले.

दोन प्लेटा दगडावर उभ्या राहिल्या. कडेला कड. भरतेशने या वेळी स्वतःच एक प्लेट पालथी केली.

वर कडा चिकटल्या होत्या. पाचर... खाली.

तेवढीच.

भरतेश वाकून बघत राहिला. मग मटकन माझ्या शेजारी बसला.

"सगळी फट काढली होती सर. दिसली तेवढी सगळी."

"म्हणूनच. प्लेट पालथी केल्यावर दोन वाकड्या कडा समोरासमोर आल्या, त्यामुळं चूक दुप्पट दिसली. तू ती दुप्पटच काढून टाकलीस." सर त्याच्याजवळ आले. "सकाळी तुझं मशीन माझ्यासारखं वाकडं होतं. आता माझ्या उलट वाकडं आहे."

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. भरतेश हातावरचे ग्रीस फडक्याने पुसत राहिला.

"तुमच्यासारखं नको... तुमच्या उलट पण नको," तो हळूच म्हणाला. "मग सरळ कुठं आहे, सर?"

सरांनी सकाळची एक प्लेट मागितली. तिच्यावर एक बोट ठेवले. आताच्या प्लेटेवर दुसरे. मग दोन्ही बोटे तशीच उचलून त्याच्या डोळ्यांपुढे धरली. मध्ये काही नव्हते.

"इथं कुठंतरी. मी काही पोचलो नाही... तू पोचलास की पाना घेऊन ये. माझं मशीन खोलायला घेऊ."