दहावं पान

"तो येणारच नसेल, तर दुसरा पेशंट घेऊ का, आप्पा?"

शांतवन आप्पा तूरडाळ निवडत होते. खडा सापडला की तो चिमटीत धरून जरा वेळ बघायचे, मगच बाजूला टाकायचे.

"कोण येणार नाही?"

"दस्तगीर. गाद्या भरतो तो."

"हां..."

इलियास शिकलगार चुलीपाशी उभाच राहिला. बस म्हणायची आप्पांना सवय नव्हती. ज्याला बसायचं तो बसायचा.

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा व्यसनमुक्ती केंद्र पत्र्याच्या दोन खोल्यांत होतं. मागं चूल, पुढं कडुलिंब. आता तिथं तीन मजले आहेत आणि जेवण डब्यांतून येतं. इलियासची दाढी पांढरी झाली आहे. पण कुठं डाळ शिजत असली की त्याला ती चूल आठवते, आणि तिच्यापुढं उकिडवे बसलेले आप्पा.

त्या वर्षी केंद्रानं नवीन काम काढलं होतं. मुसलमान मोहल्ल्यातला, ख्रिस्ती वाडीतला, बौद्ध वस्तीतला माणूस दारू पीत होता, पण केंद्राची पायरी चढत नव्हता. लाज वाटायची. आपलं कोण आहे तिथं, म्हणायचा. म्हणून त्या त्या वस्तीतली शिकलेली आठ माणसं निवडली. नर्सबाई होत्या, शिक्षक होते. इलियास सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचा. वर्षभर शिकायचं, एक पेशंट सुरुवातीपासून सांभाळायचा, त्याचा अहवाल लिहायचा. मग परीक्षा, मग समुपदेशकाचं प्रमाणपत्र.

आप्पा चौथी नापास. तारुण्यात गवंडी, आणि गावात एक नंबरचे पिणारे. पुढं दारूतून सुटले आणि केंद्रात स्वयंपाकाला राहिले. शिकवायचं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. पण आठही जण वर्गात अडलं की चुलीपाशी यायचे.

"येईना का झाला?" आप्पांनी विचारलं.

"प्याला. भाचीच्या लग्नात."

"पिणारा पितो."

"तसं नाही, आप्पा. त्यानं कसम खाल्ली होती. कुराणावर हात ठेवून."

आप्पांचा हात डाळीत थांबला.

"आपणहून?"

इलियास चुलीपाशी खाली बसला.

पहिल्याच दिवशी वर्गात सांगितलं होतं, कुणाला शपथ घालायची नाही. इलियासनं ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण त्याच्या मनात आलं, पुस्तकं लिहिणाऱ्यांना आमचा मोहल्ला काय माहीत? माझी माणसं मी ओळखतो. आणि दस्तगीरला डॉक्टर म्हणाले होते, आता प्यालास तर पुढची ईद दिसायची नाही. मग इलियासनं एका संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन कसम घ्यायला लावली. दस्तगीर रडला. त्याची बायको रडली. एकोणीस दिवस थेंब घेतला नाही त्यानं. इलियास वर्गात सगळ्यांना सांगत सुटला होता, तुमचं सहा महिन्यांचं काम मी एका वाक्यात केलं.

"मी घ्यायला लावली," इलियास हळू म्हणाला.

"आणि मोडली कुणी?"

"त्यानं."

"बरं..."

आप्पांनी पुन्हा डाळीत हात घातला.

"मी अकरा वेळा घेतली शपथ," ते म्हणाले. "चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. पाळकसाहेब दर वेळी रडायचे. मीही रडायचो. दोघांनाही बरं वाटायचं. मग मी प्यायला मोकळा."

इलियासला हसू आलं. आप्पा हसले नाहीत.

"बाराव्यांदा गेलो नाही. म्हटलं, आता कोणत्या तोंडानं जायचं. ते वर्ष सगळ्यात वाईट गेलं."

चुलीतलं लाकूड फुटलं. आप्पांनी ते आत सारलं.

"गेला होतास त्याच्या घरी?"

"दोनदा. भाभी दारातच म्हणाल्या, 'हैं घर में, पन मिलते नै बोलते.' आतून तोच ओरडला... कसम मोडली ती मोडली, आता एक घोट काय नि बाटली काय."

"रोज पितोय?"

"सकाळपासून."

आप्पा खडे काढत राहिले. परात अर्धी झाली.

"तुमच्यात मोडलेल्या कसमेचं काय करतात रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस आहे, मोडणारच. मग काय करतात?"

इलियासला त्याचे वडील आठवले. चुलत्याच्या घरी पाय ठेवणार नाही, अशी कसम त्यांनी रागात खाल्ली होती. चुलते आजारी पडले तसे वडील धावत गेले. मग एका शुक्रवारी आईनं डाळ-दुधीचा दालचा रांधला आणि दहा जणांना अंगणात जेवायला बसवलं. वडील स्वतः वाढत होते. वाढताना त्यांचं तोंड कसं हलकं झालं होतं...

"कफारा असतो," तो म्हणाला. "दहा गरिबांना जेवू घालायचं. तेवढी ऐपत नसेल तर तीन रोजे."

"दस्तगीरला ठाऊक आहे?"

"ऐकलं असेल कधी. शुद्धीत कुठं आहे तो."

"तू सांगितलंस?"

"नाही."

"का?"



"मोडली तरी भरून निघते म्हटलं, तर तो रोज मोडेल, आप्पा."

"आता तरी वेगळं काय करतोय?"

आप्पांनी परात बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"त्याला सांग, चूल आमची, शिधा तुझा. आणि जेवणारी माणसं इथं आहेत."

"येईल?"

"मला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी इलियास गेला. या वेळी त्यानं उपदेश केला नाही. दाराबाहेर चपला काढून नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "दस्तगीरभाई, कफारा बाकी है. दस जनां का खाना है."

मग कडी वाजली. दस्तगीर दारात आला. डोळे सुजलेले, केसांत कापूस.

"भरून निघतं?"

"निघतं."

"मग त्या दिवशी का नाही बोलला?"

इलियासनं खाली बघितलं.

"कब?" दस्तगीरनं विचारलं.

"जुम्मा. दस बजे, केंद्र में. शिधा तुम लाना."

"पिऊन आलो तर?"

"तर आप्पा कांदे चिरायला देणार नाहीत."

दस्तगीरनं दार लावून घेतलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

जुम्म्याला दहा वाजले. साडेदहा झाले. इलियास फाटकापर्यंत चार वेळा जाऊन आला. आप्पा चूल पेटवून बसले होते, रिकाम्या पातेल्यासमोर.

"लाकडं वाया चालली, आप्पा."

"जळू दे."

पावणेअकराला दस्तगीर आला. खांद्यावर तांदळाची पिशवी, हातात डाळ, काखेत दुधी भोपळा. अंगात धुतलेला सदरा. दोन दिवस पोटात दारू नव्हती, म्हणून हात असे कापत होते की पिशवीची गाठ त्याला सुटेना. आप्पांनी ती सोडून दिली नाही. थांबले. सुटली.

"कांदा बारीक नको चिरू," आप्पा म्हणाले. "मोठाच चिर. आपल्याला कुठं मुलगी दाखवायची आहे."

दस्तगीर हसला. कांद्यामुळं की कशामुळं, डोळ्यांत पाणी आलं होतं.

दालच्याचा वास कडुलिंबाखाली पसरला तसे खोल्यांतले पेशंट बाहेर येऊ लागले. इलियासनं पत्रावळी मांडल्या. मग मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

"आप्पा, नऊच आहेत. दोघं काल घरी गेले."

"हं..."

"रस्त्यावरून कुणाला बोलावू?"

आप्पांनी गठ्ठ्यातली एक पत्रावळ ओढली. पाण्याचा हात फिरवला आणि ओळीच्या शेवटी मांडली. मग इलियासकडं बघितलं.

"मी?" इलियास म्हणाला. "मी नाही चालणार. गरीब लागतो."

आप्पांनी पत्रावळीपुढं पाण्याचा पेला ठेवला.

"मी त्याचा समुपदेशक आहे, आप्पा. मला पगार आहे. तुम्ही बसा."

"मी आचारी. आचारी सगळ्यांच्या मागून जेवतो."

दस्तगीर वाढत वाढत ओळीच्या शेवटाशी आला होता. भाताचा डाव हातात, खाली मांडलेलं पान रिकामं. तो थांबला. त्यानं इलियासकडं बघितलं नाही. पानाकडं बघत राहिला. डावातली शितं एकेक करून पानाबाहेर पडत होती.

पंगतीत कुणी घास उचलला नव्हता. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय उचलायचा नाही, एवढं दारुड्यांनाही कळत होतं. एक म्हातारा पेशंट पुटपुटला, "बसा ना सर, गार होतंय."

इलियासच्या खिशाला पेन होतं. अहवालाची वही काखेत होती. ती कुठं ठेवावी ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं ती मातीत ठेवली आणि मांडी घातली.

दस्तगीर वाकला. डाव पानापर्यंत येईना, इतका हात हलत होता. इलियासनं पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून वर धरली.

भात पडला. त्यावर दालचा पडला. थोडा इलियासच्या बोटांवर सांडला, चटका बसला. त्यानं हात मागं घेतला नाही.

"दस्तगीरभाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती कसम मी घालायला नको होती. माफ करा."

"जेवा, सर."

पंगतीत कुणी बिस्मिल्ला केलं, कुणी वदनी कवळ म्हटलं, कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी काहीच म्हटलं नाही. दुधी थोडा कच्चा राहिला होता. मीठ कमी होतं. पुढं आयुष्यात इलियासनं लग्नाकार्यांतले पुष्कळ दालचे खाल्ले, पण चव विचारली तर तो याच दालच्याची सांगतो.

दस्तगीर ओळीतून फिरत होता. भात हवा का, विचारत होता. त्याचं तोंड हलकं झालं होतं.

इलियासचं पान लवकर संपलं. आप्पा चुलीशी उभे होते. त्यानं मान वर करून हळूच विचारलं,

"आप्पा... मी काही गरीब नाही. मग त्याचा कफारा फिटला का?"

आप्पांनी त्याच्या रिकाम्या पानाकडं बघितलं.

"दस्तगीर," त्यांनी हाक मारली, "ह्याला अजून वाढ. फार दिवसांचा उपाशी आहे."