पाठीची पूजा

एका तालुक्याच्या गावी एकदा एक सराफ राहत होता. विश्वंभर पोतदार त्याचं नाव. आसपासच्या आठवडी बाजारांत पेटी घेऊन बसायचा आणि डोरली, जोडवी, मोरण्या असे सोन्याचांदीचे बारीक दागिने विकायचा. एकदा भर दुपारी वाटेत दोघांनी त्याची पेटी हिसकावून नेली. माल गेला तो गेलाच, पण त्या दिवसापासून भीती त्याच्या घरी मुक्कामाला आली. अखेर त्यानं पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

तरुणपणी तो हिंदुराव वस्तादांच्या तालमीत लाठी शिकला होता. काहीही मोठं करायचं तर वस्तादांना विचारायचं, ही जुनी सवय. वस्ताद आता थकले होते, पण नजर शाबूत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परवाना मिळत असंल तर घे की." एवढंच. विश्वंभरला वाटलं होतं, म्हातारा अडवील. अडवलं नाही म्हणून तो थोडा हिरमुसलाच.

परवान्याचं काम म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याइतकं किचकट. चौकशी झाली, शेजाऱ्यांचे जबाब झाले, साहेबांची सही झाली. परवाना हाती आला, पण पिस्तूल काही येईना. त्याला हवं होतं सरकारी कारखान्यात नव्यानंच निघू लागलेलं सेमी-ऑटोमॅटिक. दुकानदाराला फोन केला की एकच उत्तर, "शेट, माल अजून निघायचाय."

पण पिस्तूल येईपर्यंत पोट थोडंच थांबणार? बाजार तर करायलाच हवा. मग त्यानं दस्तगीर मणेराला गाठलं. दस्तगीर बांगड्यांचं गाठोडं घेऊन तेच बाजार करायचा. दोघं एकाच एसटीनं जायचे, फाट्यावर उतरून गावापर्यंत चालायचे. पाऊलवाट अरुंद, म्हणून विश्वंभर पुढं आणि दस्तगीर मागं. चालता चालता सुखदुःखाच्या गप्पा व्हायच्या. एकाच्या घरची भाकरी दुसऱ्याच्या फडक्यात जायची. अशानं वर्ष सरलं आणि विश्वंभरच्या केसालाही धक्का लागला नाही.

आणि एक दिवस पिस्तूल आलं. काळंभोर, नव्या तेलाच्या वासाचं, तळहातात नेमकं बसणारं. विश्वंभर त्या दिवशी जेवायचंही विसरला. दुसऱ्या दिवशी दस्तगीरला म्हणाला, "आता तुला माझ्यासाठी खोळंबायला नको रे बाबा."

"बरं झालं की आण्णा," दस्तगीर हसून म्हणाला. ते हसू जरा उणं होतं, पण पाहतो कोण? विश्वंभरचं सगळं लक्ष कमरेकडं.

आता तुम्ही म्हणाल, भीती गेली असेल. छे. पिस्तूल नव्हतं तेव्हा त्याच्या मनात चोर दोनच होते. पिस्तूल आल्यावर अख्खा बाजार चोर दिसू लागला. हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून बसू लागला. गिऱ्हाईक जरा वाकलं की याचा हात कमरेला.

एका बाजारी तो आपली वजनांची डबी विसरून निघाला. दस्तगीरनं ती पाहिली आणि धावत जाऊन पाऊलवाटेवर त्याला गाठलं. हाक मारायला दम उरला नव्हता, म्हणून खांद्यावर हात ठेवला. विश्वंभर गर्रकन वळला आणि पिस्तूल दस्तगीरच्या छातीवर रोखलं गेलं. गोळी सुटली नाही, देवाची कृपा. दस्तगीरनं डबी हळूच जमिनीवर ठेवली आणि तो माघारी फिरला.

त्यानंतर विश्वंभर दोनदा त्याच्या घरी गेला. दोन्ही वेळा बायकोनं सांगितलं, घरात नाहीत. चपला मात्र दारातच होत्या. पेटी गेली तेव्हा जी झोप उडाली नव्हती, ती आता उडाली. दस्तगीरसारखा माणूस पुन्हा कुठून आणायचा?

खंडेनवमी आली. त्या दिवशी तालमीत हत्यारांची पूजा असते. पाटावर लाठ्या, दांडपट्टा, जुनी तलवार मांडली होती. विश्वंभरनं रिकामं करून आणलेलं पिस्तूल शेजारी ठेवलं आणि झाला प्रकार वस्तादांच्या कानावर घातला.

वस्तादांनी एकेका हत्याराला ओलं हळदकुंकू लावलं. पिस्तुलापाशी आल्यावर थांबले. म्हणाले, "शर्ट काढ. तोंड फिरव." आणि उरलेलं सगळं कुंकू त्यांनी विश्वंभरच्या पाठीला फासलं, वर फूलही वाहिलं. पोरं फिदीफिदी हसू लागली. विश्वंभर कानकोंडा झाला.

"वस्ताद, हे काय?"

"पूजा कशाची करतात? ज्यानं राखलं त्याची. हे पिस्तूल परवा आलं. त्याआधी वर्षभर तू सोनं घेऊन हिंडलास, तेव्हा राखलं कुणी? माणसाला डोळे पुढंच असतात बाबा. मागची बाजू त्याला कुणाच्या तरी हवाली करावीच लागते. वाट बघत होतास तोवर तुला ते साधलं होतं. हत्यार आलं आणि तू पाठ परत काढून घेतलीस. पिस्तूल ठेव, मी नको म्हणत नाही. पण पाठ ज्याची आहे त्याला देऊन ये."

विश्वंभरनं ओल्या पाठीवरच पांढरा शर्ट चढवला. पिस्तूल घरच्या तिजोरीत कुलूपबंद केलं आणि तडक मणेरगल्ली गाठली. दस्तगीर ओट्यावर बसून दोरीत बांगड्या ओवत होता.

"दस्तगीर, चुकलं माझं. मागं कोण आहे ते मी बघितलंच नाही."

दस्तगीरनं मान वर केली नाही. "बघितलंत आण्णा. बघितल्यावरसुद्धा हात लगेच खाली आला नाही तुमचा."

हे खरं होतं. विश्वंभर जायला वळला.

चार पावलं गेला असेल नसेल, तोच मागून कुणीतरी धावत आलं आणि पाठीवर हात पडला. विश्वंभरच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तो वळला नाही.

"आण्णा, हे रक्त कसलं? कुणी मारलं तुम्हाला?" दस्तगीर घाबरून म्हणाला.

"रक्त नाही रे. कुंकू आहे. वस्तादांनी लावलं." आणि का लावलं तेही त्यानं सांगितलं.

दस्तगीरनं खांद्यावरचा पंचा काढला आणि शर्टावरचा डाग पुसायला लागला. पुसल्यानं तो आणखीच पसरत होता. "वाया गेला की शर्ट," तो पुटपुटला. आणि मग, "बुधवारी कुठल्या गाडीनं निघायचं?"

विश्वंभरचे डोळे भरून आले होते. वळून त्याचा हात धरावा असं फार वाटत होतं. पण पुसणं संपेपर्यंत तो तसाच पाठमोरा उभा राहिला.