तीन पगड्या आणि टिकली म्हैस

ऐका आता, आणि मधे मधे तोंड घालायचं नाही. एक राजा होता, आणि त्याच्याकडे तीन पगड्या होत्या, बरं का. लाल पगडी घातली की तो नियम करायचा. निळी घातली की नियम मोडणाऱ्याला पकडायचा. आणि पांढरी घातली की न्याय द्यायचा. पगड्या तीन, डोकं मात्र एकच!

त्या गावात म्हाळसा नावाची गवळण होती. तिच्या म्हशीचं नाव टिकली. एकदा काय झालं, सोमवारी टिकली चावडीपुढे जाऊन बसली. मंगळवारी राजाने दवंडी पिटवली, "कुणाचंही जनावर चावडीपुढे बसलं, तर कोंडवाड्यात!" आणि बुधवारी टिकलीला नेऊन कोंडलं. घरी तिचं आठ दिवसांचं रेडकू दुधासाठी ओरडत होतं.

म्हाळसा धावत चावडीवर गेली. राजा लाल पगडी घालून बसला होता.

"महाराज, म्हैस बसली सोमवारी, नियम झाला मंगळवारी. सोडा तिला, रेडकू मरेल माझं!"

"मी फक्त नियम करतो," राजा म्हणाला. "पकडणाऱ्याला विचार."

"कुठे आहेत ते?"

"थांब हं." राजाने लाल पगडी काढली, निळी घातली. "बोल बाई, काय काम आहे?"

म्हाळसाने कपाळावर हात मारला. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. निळ्या पगडीने न्यायाधीशाकडे पाठवलं. मग पांढरी पगडी चढली. "नियम आहे, म्हैस सापडली आहे, मी काय करणार? नियम करणाऱ्याला भेट."

असे तीन फेरे झाले. बिचारीचा घसा कोरडा पडला, आणि गावकरी मेले नुसते बघत उभे!

तेवढ्यात राजाचा हत्ती डुलत डुलत आला आणि चावडीपुढे बसला.

"कुणाचंही जनावर!" म्हाळसा ओरडली. "चला, पकडा आता!"

राजाने घाईघाईने निळी घातली, काढली, पांढरी घातली, तिच्यावर लाल ठेवली. मग गोंधळून विचारलं, "मी आत्ता कोण आहे गं?"

"आत्ता तुम्ही दमलेला माणूस आहात," म्हाळसा वैतागून म्हणाली. "तीन कामं तीन डोक्यांना द्या की!"

गावकरी आधी हसले, मग त्यांनीही तोच हट्ट धरला. राजा घामाघूम झाला होता. त्याने फक्त निळी पगडी स्वतःकडे ठेवली. लाल पगडी गावाने निवडलेल्या पंचांकडे गेली. पांढरी मिळाली म्हाताऱ्या चंद्राक्का कोष्टिणीला, कारण ती राजालाही भीत नव्हती.

चंद्राक्का म्हणाली, "नियमाआधी बसलेल्या म्हशीला सोडा. हत्ती नियमानंतर बसला, त्याला कोंडा."

पण हत्ती कोंडवाड्याच्या दारात मावेना.

"मग मालकाला बसवा," चंद्राक्का म्हणाली.

टिकली घरी गेली, रेडकू पोटभर प्यायलं. राजा मात्र दिवेलागणीपर्यंत कोंडवाड्यात शेणाचा वास घेत बसला आणि करवादला, "असला नियम केला तरी कुणी?"

पंचांनी तो नियम बदलला, आणि सगळे सुखाने राहू लागले. चला, मिटा डोळे. आणि दादासाहेब, धाकटीची उशी तुम्हीच ओढलीत, 'उशी मोठ्याची' हा नियमही तुमचाच, आणि निकालही तुम्हीच देताय. द्या ती इकडे, आणि झोपा मुकाट्याने.