राजांच्या हातचा भ

चिंचणगडच्या शाळेतली झाडून सगळी पोरे अक्षरांच्या परीक्षेत नापास झाली. परीक्षा खुद्द राजे दुर्जयरावांनी घेतली होती, त्यामुळे दाद मागायची सोय नव्हती.

राजांना आपल्या हस्ताक्षराचा भारी अभिमान. दरबारी त्याला मोत्यांचा सर म्हणत. मागे एका कारकुनाला राजांची चिठ्ठी वाचता आली नाही, तेव्हापासून तो हत्तीखान्यात शेण उचलत होता. तर अशा या अक्षरात राजांनी लाकडी पाट्यांवर मुळाक्षरे काढली, एका पाटीवर एक, आणि शाळेत जाऊन पोरांना दाखवली. क, ग, र सुरळीत पार पडले. मग भ आला. चुरमुरे भाजणाऱ्या अनसाची पाच वर्षांची चिमी म्हणाली, "म."

"नीट बघ," राजे म्हणाले.

चिमीने नीट बघितले. "म."

पुढे ती 'ध'ला 'घ' म्हणाली आणि 'थ'ला 'य'. राजांनी हुकूम सोडला: उद्या दरबारात याच पाट्या याच पोरांनी बिनचूक वाचायच्या. नाहीतर शाळेला कुलूप आणि गुंडोपंत पंतोजींना हद्दपारी.

घरी आल्यापासून चिमीने 'म'चा धसकाच घेतला. संध्याकाळी मामा आला, तर ती त्याला हाकच मारेना. नुसती पदर ओढून त्याच्याकडे बोट दाखवायची. लेकीचे तोंड असे बंद झालेले पाहून अनसा उठली. तिने भट्टी भावावर सोपवली आणि शाळेतल्या एकेका पोराच्या घरी जाऊन विचारले, राजांनी काय दाखवले आणि तू काय म्हणालास. मग ती गुंडोपंतांकडे गेली.

पंतोजी भांडीकुंडी बांधत होते.

"पंतोजी, मला एकही अक्षर येत नाही," अनसा म्हणाली. "पण भट्टीतलं कळतं. एखादा दाणा फुलला नाही तर खोट दाण्यात. सगळेच करपले तर खोट भट्टीत. 'भ'ला सगळ्यांनी 'म'च कसं म्हटलं? एकाला तरी ब वाटायचा होता."

पंतोजींनी दार लोटून घेतले. मग हळूच सांगितले, की भ, ध आणि थ यांना डावीकडे वर एक इवलीशी गाठ असते. ती द्यायला राजांना वेळ नसतो. पण हे त्यांना सांगणार कोण? हत्तीखाना मोठा आहे.

"सांगायचं कशाला?" अनसा म्हणाली, आणि पंतोजींना सामान सोडायला लावले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. चिमीला कडेवर घेऊन अनसा पुढे झाली. पोरे फार धास्तावली आहेत, तिने विनवले. आधी महाराजांनीच पाट्या वाचून दाखवल्या, तर त्यांना धीर येईल. राजांना ही विनंती आवडली. पंतोजींनी राजांच्या पाट्यांमधून भ, म, ध, घ, थ, य अशा सहा पाट्या काढल्या आणि पत्त्यांसारख्या पिसून पुढे ठेवल्या.

"घ," राजांनी खड्या आवाजात वाचले. "म. य." चौथी पाटी उचलली. "म." पाचवीला त्यांचा आवाज उतरला. "घ." सहावी त्यांनी मनातच वाचली.

अनसाने हात जोडले. "महाराज, मी अडाणी बाई. एवढंच सांगा, यातला भ कुठला?"

राजांनी पाट्या उजेडात धरल्या. उलट्या करून पाहिल्या. मग विचारले, "प्रधानजी, भ कुठला?"

"महाराज दाखवतील तो," प्रधानजी म्हणाले.

राजे अनसाकडे वळले.

"म्हणजे माझं अक्षर वाईट, असं तुझं म्हणणं?"

"मी असं कसं म्हणेन? महाराज वाचतात ते बरोबरच, हे सगळा दरबार जाणतो. पोरांनीही तेच वाचलं. महाराज चुकले नसतील, तर पोरंही चुकली नाहीत. आणि पोरं चुकली असतील, तर..." अनसाने चिमीला या कडेवरून त्या कडेवर घेतले. "तर पुढचं महाराजांनीच सांगावं."

राजांनी दोन्ही 'म' शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हलले, आणि मग ते असे खदखदून हसले, की दरबाऱ्यांनाही हसायला परवानगी मिळाली. हद्दपारी रद्द झाली. पोरे पास झाली. अनसाला नदीकाठचा मळा इनाम देतो, असे सांगून राजांनी सनद लिहायला लेखणी मागवली.

अनसाने वाकून मुजरा केला. "उपकार झाले, महाराज. तेवढी सनद मात्र कारकुनाकडून लिहवून द्या."

राजे पुन्हा इतके हसले, की लेखणी हातातून गळाली. ती कारकुनाने उचलली.