चिंचेने पोळलेली राजकन्या

एका राज्यात पाखरे बोलत आणि माणसे मात्र ऐकत नसत, तिथे चंडसेन नावाचा राजा होता. त्याने एका मांत्रिकाला भर दरबारातून हाकलले. मांत्रिकाने जाता जाता राजकन्या हेमकळेवर भस्म फुंकले आणि अंगणात उभी असलेली पोर जागच्या जागी संगमरवराची झाली.

"बारा वर्षे ही इथेच उघड्यावर राहील," मांत्रिक म्हणाला. "शेवटच्या सूर्यास्ताला चेहरा असाच तुळतुळीत असेल, तर उठेल. नाहीतर कायमचा दगड!"

हेमकळेची दाई तुळसाक्का. ती रोज सकाळी साध्या पाण्याने आपली लेक पुसे आणि मऊ मलमलीने लगेच कोरडी करी. पाखराची विष्ठा ती वाळू देत नसे. पावसाळ्यात शेवाळ धरले, तर आईने लेकराच्या डोळ्यातले चिपड काढावे तसे बोटाने काढी. अशी अकरा वर्षे अकरा महिने गेले. शाबासकी राहू द्या, कुणी तिची साधी विचारपूस केली नाही.

मग उत्सव आला आणि कारभारी मार्तंडपंतांना अक्कल सुचली. देवघरातल्या समया चिंचेने घासून लखलखीत झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्या शहाण्याला वाटले, राजकन्याही अशीच घासावी!

"पंत, चिंच पितळेला," तुळसाक्का हात जोडून म्हणाली. "आंबटाने संगमरवर जळतो."

"दाईने कारभाऱ्याला शिकवू नये," पंत म्हणाले आणि राजाकडे वळले. राजाने मान डोलावली. पोटच्या पोरीसाठी बापाने केले ते एवढेच!

घमेलेभर चिंच फासली गेली. गालांचे तेज गेले, कपाळ खरबरीत झाले, ओठांची कड झिजली. "दगडच हलका निघाला," पंत म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडे! वर तुळसाक्कालाच वेशीबाहेर काढले. सांगताना अजून माझ्या अंगाची लाही होते.

वेशीवरच्या वडावरून साळुंकी बोलली, "आक्का, रडू नको. डोहातली बारीक वाळू आण, नागाच्या बिळातला शिंपला आण, राक्षसिणीच्या कड्यावरच्या पोळ्याचे मेण आण. याच क्रमाने चेहऱ्यावर फिरव."

डोहाशी मगर आडवी आली. "वाळू कशाला?"

"माझ्या लेकीला चिंच फासली."

"लेकीला?" मगर फुत्कारली आणि स्वतः तळाशी जाऊन वाळू घेऊन आली.

बिळाशी नागाने फणा काढला. त्याने हकिकत ऐकली, शिंपला दिला आणि पंतांचे घर कुठे आहे तेही विचारून घेतले.

कड्यावर राक्षसीण दात विचकून उभी होती. सारे ऐकून तिने पोळ्याचे मेण काढून दिले आणि कडाडली, "आम्ही कच्ची माणसे खातो, बाई, पण आपल्या लेकराला चिंच फासत नाही! चल, मी येते."

शेवटच्या दिवशी, उन्हे कलताना दोघी अंगणात आल्या. "अडवा तिला!" पंत ओरडले. राक्षसिणीने त्यांच्याकडे नुसते पाहिले, तशी पंतांची बोबडी वळली.

तुळसाक्काने वाळू भिजवून हलक्या हाताने फिरवली. मग शिंपला कुटून त्याची पूड फिरवली. तिची बोटे सोलवटली, पण ती थांबली नाही. शेवटी मेण लावून मलमलीने पुसत राहिली, तो सूर्य डोंगराला टेकला.

संगमरवर कोमट झाला. हेमकळेने पापणी हलवली, श्वास घेतला.

"बाळ!" म्हणत राजा हात पसरून धावला. ती मागे सरली.

"महाराज," ती म्हणाली, बाबा नव्हे, "मला सगळे दिसत होते. अंग भाजत होते, आणि ओरडायला तोंड नव्हते. माझ्या वतीने एकटी आक्का बोलली. तिला तुम्ही हाकललेत."

"मला क्षमा कर."

"माझी नको. तिची मागा."

भर अंगणात, साऱ्या प्रजेदेखत राजाने मुकुट काढला आणि दाईच्या पायांवर डोके ठेवले. तुळसाक्काने त्याला बराच वेळ तसेच राहू दिले. मग म्हणाली, "उठा महाराज. पोरीला भूक लागली असेल."

शाप असा सुटला आणि राज्याची घडी अशी बसली. त्या दिवसापासून तिथे दाईने हात जोडले की राजा आधी ऐकतो, मग मान डोलावतो.